मालवणहून ओके नाही

१५ जून १९८८, बुधवार

आज कामावर परत रुजू झालो. ही डायरी जानेवारीत केंद्राच्या उद्घाटनाला सगळ्यांना वाटली होती. आजपर्यंत कोरी होती. मला लिहायची हौस नाही. पण आज दिवसभर जे तोंडाशी आलं ते गिळत राहिलो आणि आता जेवण जात नाही. म्हणून लिहितो.

माझा धाकटा भाऊ सत्यवान ३० मे रोजी दर्यावर गेला. वादळात होडी उलटली. त्याचा मेहुणा बाबली बरोबर होता, तो पोहत खडकाला लागला आणि वाचला. सत्यवान तिसऱ्या दिवशी तारकर्लीच्या किनाऱ्यावर मिळाला. ओळख मी पटवली. त्याबद्दल लिहिणार नाही.

लिहायचं ते हे. वादळाची सूचना त्या दिवशी सकाळीच ओरोसच्या मुख्य केंद्रात पोचली होती. ओरोसहून ती टेलिफोनच्या तारेवरून आमच्या मालवणच्या सागरी माहिती केंद्रातल्या कॉम्प्युटरवर यायची असते. आम्ही ती छापून बंदरावर देतो, बंदरावर धोक्याचा बावटा चढतो, होड्या थांबतात. पूर्वी हे तारेने व्हायचं, पोस्टातून. यंत्र आल्यावर ती तार बंद केली. ३० मेला सूचना आमच्याकडे छापून आली तेव्हा दिवस कलला होता. होड्या जेवणं उरकून कधीच गेल्या होत्या.

यंत्रावर मीच बसतो. त्या दिवशीही बसलो होतो. जेवायलासुद्धा उठलो नव्हतो.

आज सगळे माझ्याशी हळू बोलत होते. कोणीतरी माझी खुर्ची पुसून ठेवली होती. दहा वाजता ओरोसहून नेहमीप्रमाणे "ओके?" आलं. लाइन चालू आहे का ते बघायला रोज येतं. नेहमीप्रमाणे मी "ओके" टाकलं.

१८ जून

सत्यवानाची बायको सुगंधा आमच्या खळ्यापलीकडेच, म्हणजे अंगण ओलांडून, राहते. दोन मुलं. ती माझ्याशी बोलत नाही असं नाही, पण मी समोर गेलो की ती हातात काहीतरी काम घेते. मीही थांबत नाही. विमला म्हणाली, "तुमी तिच्याकडे जरा बसा तरी." बसून काय सांगू? उशीर का झाला ते मला माहीत नाही. ते कळल्याशिवाय बसायचं कोणत्या तोंडाने?

मंगळवारी ओरोसला जाणार.

२१ जून, मंगळवार

पहिल्या गाडीने गेलो. मोंडकर साहेब तिथले इंजिनीअर. मूळचे देवगडकडचे, पुण्याला शिकलेले. सगळ्या किनाऱ्यावरच्या केंद्रांची जुळणी त्यांनीच केली. मला बघून उभे राहिले, खुर्ची दिली, चहा मागवला. मी म्हटलं, चहा नको, सूचना उशिरा का आली ते सांगा.

ते म्हणाले, "जयराम, तार एकच आहे. तिच्यावरून सगळंच येतं. पगारपत्रकं, डिझेलच्या याद्या, मासळीचे आकडे आणि हवामानही. यंत्र प्रत्येक मजकुराचे तुकडे करतं. एकेक तुकडा म्हणजे एक पॅकेट."

"पाकीट."

"पाकीट म्हणा. एका पाकिटात जास्तीत जास्त किती अक्षरं मावतील ते आपण ठरवायचं असतं. आपण एक हजार चोवीस ठेवलीत."

"का?"

"कोरड्या तारेवर मोठं पाकीट बरं पडतं. प्रत्येक पाकिटावर पत्ता, क्रमांक, तपासणीचा आकडा लागतो. लहान लहान केली तर नुसते पत्तेच वाहत बसावं लागतं. जानेवारीत मोठ्या पाकिटांनी वेग छान दिसला होता. तुम्ही होतात ना उद्घाटनाला?"

"ओल्या तारेवर काय होतं?"

त्यांनी टेबलावरचे कागद सरळ केले. सरळच होते. "कट्टा गावाच्या पुढे तारा माडांतून जातात. पाऊस पडला की खरखर होते. एक अक्षर बिघडलं तरी अख्खं पाकीट परत मागवावं लागतं. मोठं पाकीट जायला आठ-नऊ सेकंद लागतात. तेवढ्यात एकदा तरी खरखर होतेच. मग परत. मग परत."

"म्हणजे जातच नाही."

"जातं. कधीतरी. पण ते जाईपर्यंत मागच्यांना थांबावं लागतं."

३० मेच्या आधी दोन दिवस वळवाचा पाऊस चालू होता. सूचनेच्या पुढे डिझेलची यादी होती. मालवणातल्या होड्यांना डिझेल किती द्यायचं त्याची. यादीचं एकेक पाकीट अडकत होतं आणि सूचना मागे उभी होती. सूचना चार ओळींची होती.

मी विचारलं, "तातडीचं म्हणून तिला पुढे काढता आलं नाही?"

"तातडीचा शिक्का सगळ्यांवरच असतो, जयराम. त्या यादीवरही होता. पगारपत्रकावर असतो. नसला तर लोक फोन करकरून डोकं खातात. सगळंच तातडीचं झालं की यंत्र काय करणार? आलं त्या क्रमाने सोडतं."

"हे तुम्हाला कधी कळलं?"

ते खोटं बोलले नाहीत. म्हणाले, "मी सुरुवातीलाच लहान पाकीट सुचवलं होतं. पावसाळ्याचं कारण दिलं होतं. पण किनाऱ्यावरच्या सगळ्या केंद्रांना एकच मर्यादा असा मुंबईचा हुकूम आहे. आणि मालवणहून तर रोज ओके येत होतं."

"ओके दोन अक्षरांचं असतं, साहेब. ते कशातूनही जातं."

"खरं आहे. पण आमच्या नोंदीच्या तक्त्यावर तेवढंच दिसतं ना?"

३० मेलाही ओके आलं होतं, असं ते म्हणाले. मला माहीत आहे. मीच टाकलं होतं. लाइन चालू आहे का एवढंच विचारतात, लाइन चालू होती. मी काय वेगळं टाकणार होतो?

२२ जून

तो माणूस मूर्ख असता तर बरं झालं असतं. त्याला सगळं माहीत होतं. माझ्यापेक्षा चांगलं, पावसाळ्यासकट. माहीत असून तो चहा मागवत बसला. माणसाला कळत नाही याचा राग येऊन ओसरतो. कळून गप्प बसलेल्याचा राग कुठे ठेवायचा ते मला कोणी सांगावं.

ऑफिसात आज डिझेलची पुरवणी यादी आली. यंत्राचा बारीक दिवा लागायचा, विझायचा, परत लागायचा. तेच पाकीट. मी समोर बसून बघितलं. दुपार झाली तरी तेच पाकीट. पूर्वी मी समजायचो, यंत्र काम करतंय.

३ जुलै, रविवार

परवा ओरोसला फोन केला होता. साहेब म्हणाले, प्रस्ताव मुंबईला पाठवलाय.

मी म्हटलं, प्रस्ताव होईपर्यंत माझ्याकडे लहान मर्यादा लावतो. एकशे अठ्ठावीस.

"तसं करू नका. दोन्ही टोकांना एकच आकडा लागतो. तुम्ही लहान लावलंत आणि आम्ही मोठी पाठवत राहिलो तर तुमचं यंत्र ती घेणारच नाही. टाकून देईल. आणि टाकली म्हणून आम्हाला कळवणारही नाही."

"मग तुमच्याकडे लावा."

"हुकूम हवा."

फोन ठेवला तेव्हा बोटांवर वळ उठले होते.

विमला आज भांडली. म्हणाली, "तुमी त्या यंत्रावर रागावतास, साहेबावर रागावतास. घरात कोणाशी एक शब्द नाय. पोरां भितत तुमका." मी म्हटलं, मी कोणावर ओरडलो? ती म्हणाली, "ओरडलास तर बरा होयत." बायकांना काय म्हणायचं असतं ते कळत नाही.

१९ जुलै, मंगळवार

सत्यवानाची होडी दुरुस्त झाली. बाबलीने आणि सुतारांनी मिळून केली, मला कोणी विचारलं नाही. नारळी पौर्णिमेला सगळ्यांबरोबर पाण्यात घालणार. सुगंधाने ठरवलंय.

खळ्यात बाबली इंजिनाचे भाग रॉकेलने धूत बसला होता. तो आधीपासूनच तोंडाळ. मी म्हटलं, "बाबली, यंदाचो मोसम जावंदे. पुढच्या वर्षी बघू."

"आणि पोरांनी पुढच्या वर्षी जेवचा काय, जयरामदा?"

"मी आसय ना."

"तुमी आसास, तुमचो पगार आसा, तुमच्या यंत्राची लाइन आसा. आमका दर्यो आसा." मग हसला. "पौर्णिमेक तुमीय एक नारळ घेवन येवा. दर्याक नको, तुमच्या यंत्राक फोडा. बघू पावता काय."

बाजूला सुतार बसले होते, तेही हसले. मला हसू आलं नाही. बाबली त्या दिवशी पाण्यात होता, सत्यवानाच्या बरोबर. हा माणूस हसू कसा शकतो? त्याच्या हातून मात्र स्क्रू दोनदा खाली पडला. रॉकेलने हात निसटतात.

२९ जुलै

प्रस्तावाचं काय झालं ते विचारायला पाच वेळा फोन केला. दोनदा साहेब बाहेर, दोनदा बैठकीत, एकदा तार खरखरत होती म्हणून ऐकू आलं नाही. मला तर चांगलं ऐकू येत होतं.

पौर्णिमा २७ ऑगस्टला. त्यानंतर बाबली रोज जाणार. समोर हीच तार, हीच मर्यादा, माझीच खुर्ची.

१ ऑगस्ट, सोमवार

दहा वाजता ओरोसहून "ओके?" आलं.

मी उत्तर दिलं नाही.

परत आलं. परत दिलं नाही. हात मांडीवर ठेवून बसलो. मग टाकलं: "लांब पाकीट जात नाही. ओके नाही."

आमचे केंद्रप्रमुख मागे उभे होते. पुढच्या मार्चमध्ये निवृत्त होणार आहेत. ते म्हणाले, "मी आज इकडे आलोच नव्हतो," आणि आपल्या खोलीत गेले.

४ ऑगस्ट

तीन दिवस तेच. ओरोसच्या तक्त्यावर मालवण बंद दिसतंय. ओके नसलं की बंद, त्या तक्त्यात तिसरं काही लिहायला जागाच नाही.

मोंडकरांचा फोन. "जयराम, हे काय चाललंय? लाइन तर चालू आहे."

"लाइन चालू आहे, पाकीट जात नाही."

"ओके म्हणजे लाइन चालू एवढंच. ही चाचणी आहे, माणसाचं मत नाही."

"मग मत नोंदवायची जागा कुठे आहे ते सांगा. तिथे लिहितो."

"तुमच्यावर कारवाई होईल. मला आवडणार नाही, पण होईल."

मी म्हटलं, करा. एवढंच म्हटलं. नोकरीला लागून सतरा वर्षं झाली, वरिष्ठाला असं कधी बोललो नव्हतो. आवाज हलला नाही.

१२ ऑगस्ट, शुक्रवार

कारणे दाखवा आली. तीही तारेवरूनच. तीन पाकिटांची होती. दहाला निघाली आणि आम्हाला मिळाली तेव्हा ऑफिस बंद करायची वेळ झाली होती. केंद्रप्रमुखांनी वाचली आणि पहिल्यांदाच मला चहा पाजला.

मुंबईहून ओरोसला विचारणा झालीय म्हणे, मालवण बंद का. दहा ओळींचा प्रस्ताव दीड महिना कोणी वाचला नाही. दोन अक्षरं आली नाहीत तर लगेच वाचलं.

१७ ऑगस्ट, बुधवार

आज सुगंधा स्वतः आली. मी ओट्यावर होतो. ती खांबाला धरून उभी राहिली. म्हणाली, "भावजी, बाबली सांगी होतो, तुमी हापिसात ओके देणा बंद केलास. तुमची नोकरी जातली म्हणान."

मी म्हटलं, जाईल किंवा नाही जाणार.

"कित्याक करतास?"

मी म्हटलं, सत्यवानासाठी.

तिने खांबावरचा हात काढला. मग म्हणाली, "तेंनी त्या दिसा जेवताना सांगल्यानी, आभाळ बरा दिसणा नाय. बाबलीय सांगी होतो, आज नको जावया. मगे हे खळ्यात गेले नि बंदराकडे बघल्यानी. बावटो नाय होतो. माका म्हणाले, बावटो नाय गो. जयरामदादा हापिसात बसलेलो आसा. काय असता तर तो गप बसतलो काय?"

मी तिला पाकिटांबद्दल सांगितलं. मर्यादा म्हणजे काय, ओली तार म्हणजे काय, यादी पुढे कशी होती आणि सूचना मागे कशी अडकली. सगळं नीट समजावून सांगितलं, मधे थांबलो नाही. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "चाय थंड झाली तुमची," आणि कप घेऊन गेली.

मोंडकरला मी सोडणार नाही. तो आणि त्याचा हुकूम आणि त्याचा तक्ता. हजार चोवीस! छान दिसला म्हणे वेग. कोणाला दिसला? मंडपात बसलेल्यांना दिसला. फीत कापून गेले ते परत आलेत का इकडे पावसात? मी सोडणार नाही. नोकरी जाऊ दे. मी सोडणार नाही.

१९ ऑगस्ट

ताप. ऑफिसला गेलो. कोणी दुसरा बसला तर तो ओके देईल.

२३ ऑगस्ट, मंगळवार

मोंडकर आज स्वतः आले. जीपने, धो धो पावसात. पँट गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेली. मला वाटलं निलंबनाचा कागद आणला असणार. होताच, बॅगेत. टेबलावर ठेवला पण माझ्याकडे सरकवला नाही.

म्हणाले, "दाखव काय जात नाही ते."

त्यांनी ओरोसला फोन करून डिझेलची यादी सोडायला सांगितली आणि माझ्या शेजारी स्टुलावर बसले. दिवा लागला, विझला. लागला, विझला. आम्ही दोघं बघत होतो. त्यांना एकदा वाटलं गेलं, पुढे सरकले, आणि परत तेच पाकीट. तासभर बसले असतील. चष्मा काढून डोळे चोळले.

"मला कागदावर माहीत होतं," म्हणाले. "असं बसून बघितलं नव्हतं."

मी म्हटलं, "मी बघितलंय."

जेवायची वेळ झाली. राग कितीही असला तरी भर पावसात आलेल्या माणसाला उपाशी कसं परत पाठवणार? घरी घेऊन गेलो. विमलाने वाढलं. सुगंधा सोलकढीचं भांडं घेऊन आली. साहेबांनी विचारलं, या कोण? मी सांगितलं. त्यांचा हात ताटातच राहिला.

सुगंधा दारात टेकून उभी राहिली. म्हणाली, "साहेब, ता यंत्र तुमचा?"

"नाही. सरकारचं आहे."

"सरकार खंय रवता?"

ती चिडून विचारत नव्हती. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. मग तिने विचारलं, "माझो भाव शनवारी होडी घालता. तेका जावंदे काय नको, ता कोणाक इचारूचा? तुमका काय भावजींक?"

साहेब पानावरून उठले. भात तसाच राहिला. हात धुऊन म्हणाले, "जयराम, चल."

ऑफिसात येऊन त्यांनी ओरोसला फोन लावला. तिकडच्या माणसाला सांगितलं, मर्यादा एकशे अठ्ठावीस कर. तिकडून तो काहीतरी विचारत असावा. साहेब ओरडले, तेही मालवणीत. ऑफिसात त्यांच्या तोंडून मी कधी मालवणी ऐकली नव्हती. "कोण इचारीत तर सांग, मोंडकरान करूक लावल्यान! माझा नाव घे! हुकूम येतलो तेवा येतलो!"

मग माझ्याकडचा आकडा मला बदलायला लावला. म्हणाले, आता प्रत्येक मजकुराचं एकेक लहान पाकीट पाळीपाळीने सुटेल. यादी कितीही लांब असली तरी तिचं एक पाकीट जायला सेकंदभर, मग दुसऱ्याची पाळी. एखादं बिघडलं तर पुन्हा तेवढंच लहान पाठवायचं. सूचनेला अख्ख्या यादीमागे उभं राहावं लागणार नाही. कोरड्या दिवसांत याद्या थोड्या सावकाश येतील, त्याची ओरड ते ऐकून घेतील.

यादी परत सोडली. दिवा लागून विझत होता, पण आता पडद्याच्या खालचा पाकिटाचा क्रमांक पुढे जात होता. पाऊस तोच, तार तीच.

निलंबनाचा कागद त्यांनी बॅगेत परत टाकला. जाताना काहीतरी बोलणार होते. मी छपाईकडे बघत राहिलो. मी त्यांना माफ केलेलं नाही. जीप गेल्यावर लक्षात आलं, छत्री इथेच विसरले.

२७ ऑगस्ट, शनिवार

नारळी पौर्णिमा. सगळं गाव बंदरावर. मी गेलो नाही. सुट्टी असून केंद्र उघडलं आणि यंत्रापुढे बसलो. खिडकीतून ढोल ऐकू येत होते. ओरोसलाही कोणीतरी बसलं होतं, कारण दहाला "ओके?" आलं आणि मी "ओके" टाकलं. कोण ते विचारलं नाही.

बाबली गेला. संध्याकाळी आला. बरी मासळी मिळाली.

१६ सप्टेंबर

गणपती साधेच केले. ओरोसहून तक्रारी सुरू. पगारपत्रक सावकाश येतं, हिशेबाची माणसं वैतागलीत. मोंडकर मला फोनवर म्हणाले, "रोज शिव्या खातोय." मी म्हटलं, खा. ते हसले. मी हसायचं म्हणून बोललो नव्हतो.

बाबलीच्या होडीची वेळ झाली की माझं कशात लक्ष लागत नाही. तो परत येईपर्यंत खुर्चीवरून उठवत नाही. विमला म्हणते, डॉक्टरांना दाखवा. डॉक्टर काय दाखवणार? बावटा?

१४ ऑक्टोबर, शुक्रवार

आज सूचना आली.

डिझेलची यादी येत होती. सकाळपासून बारीक पाऊस, तार खरखरत होती. यादीच्या ओळी छापल्या जात असताना मधेच सूचना आली. चार ओळी. मग यादी पुढे चालू. मी कागद फाडला आणि शिपायाची वाट न बघता स्वतः बंदरावर पळत गेलो. चपला ऑफिसातच राहिल्या. बावटा चढला तेव्हा मी खांबाला धरून उभा होतो, धाप लागून.

जवळच्या होड्या लगेच वळल्या. लांबच्यांनी वेळ घेतला. एकेक येत गेली. माणसं विचारत होती, कोणाची राहिली? मी मोजत नव्हतो, मला एकच हवी होती. ती शेवटून दुसरी आली.

वादळ आलंच नाही. दुपारनंतर पाऊस थांबला, ऊन पडलं. वारं दुसरीकडेच कुठे वळलं असावं. दर्या तव्यासारखा सपाट. आणि आज बांगडा लागला होता. थवेच्या थवे. सगळे जाळी अर्धवट ओढून परतले होते.

बाबली होडीतून उतरला तो ओरडतच. गुडघाभर पाण्यात उभा राहून त्याने मला सगळ्या बंदरादेखत धारेवर धरलं.

"आवशीक खाव तुमच्या त्या यंत्राच्या, जयरामदा! बांगडो हाताक लागलेलो! अर्धा जाळा कापून इलंय! वारो खंय आसा? माका वारो दाखवा!"

कोणीतरी म्हणालं, "खिशात घालून हाडलो आसतलो, बघ रे."

"तेंचो खिसो बघा! चपलो खंय गेल्यो तुमच्यो? त्यो वाऱ्यान न्हेल्यो?"

सगळं बंदर हसलं. बाबली हसला नाही. आणखी बरंच बोलला. माझ्या पगाराबद्दल, मोंडकरांबद्दल, मुंबईबद्दल, माझ्या शिक्षणाबद्दल. अंगावरून पाणी गळत होतं, गळ्याच्या शिरा फुगल्या होत्या. एकेक शिवी तो ओरडून, नीट सुटी करून देत होता. लोक त्याला ओढायला लागले. मी म्हटलं, सोडा त्याला, बोलू दे. मी तिथेच अनवाणी उभा राहून ऐकत होतो. तो लवकर थांबू नये असं मला वाटत होतं.

घरी आलो तर सुगंधा खळ्यात उभी. बावटा तिनेही बघितला होता.

"बाबली खंय?"

मी म्हटलं, "बंदरावर आसा. माका शिव्या देता."

तिने खालचा ओठ दाताखाली धरला. मग म्हणाली, "देवंदे," आणि त्याच्यासाठी भात टाकायला आत गेली.